क्युबाचा बेसबॉल आणि गाव सोडलेली माणसे

आपल्या स्मरणिकेत क्रिकेटवर एखादा लेख ठरलेलाच असतो. यंदा संपादक मंडळाच्या परवानगीने मी जरा वाट वाकडी करतो आहे. विषय आहे बेसबॉल. तोही अमेरिकेतल्या श्रीमंत क्लबांचा नाही, तर देशादेशांत होणाऱ्या स्पर्धांचा, आणि त्यातही मुख्यतः क्युबा या एका बेटाचा. अमेरिकेच्या किनाऱ्यापासून अवघ्या नव्वद मैलांवर असलेल्या या बेटाने जवळजवळ अर्धे शतक या खेळात साऱ्या जगाला पाणी पाजले. मग एकेक करून त्याचे खेळाडू निघून गेले. जाताना त्यांना जे मागे टाकावे लागले, त्याची ही हकीकत आहे.

जमशेदपुरात बसून क्युबाची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांचे वडील किंवा आजोबा पोटासाठीच गाव सोडून इथे आले. रणजीचा सामना झारखंड विरुद्ध महाराष्ट्र असला की 'अहो, तुम्ही कोणाकडून?' असा प्रश्न आमचे बंगाली आणि बिहारी सहकारी हमखास विचारतात, आणि आपण हसून वेळ मारून नेतो. आपल्याला तेवढी मुभा आहे. ज्यांना ती नव्हती त्यांची गोष्ट आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळेल, असे मला वाटते.

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी चार ओळी. बेसबॉलमध्ये दोन्ही बाजूंना नऊ-नऊ खेळाडू आणि नऊ इनिंग. गोलंदाजाला पिचर म्हणतात. तो चेंडूचा टप्पा पडू न देता सरळ कॅचरच्या हातमोज्यात फेकतो. फलंदाजाने मध्येच तो टोलवायचा आणि चौकोनाच्या चार कोपऱ्यांना शिवून घरी परत यायचे. कुंपणापलीकडे मारला की होम रन. आपल्या शाळांतून मुली सॉफ्टबॉल खेळतात, त्याचाच हा थोरला भाऊ.

क्युबात हा खेळ आला तो १८६० च्या दशकात, अमेरिकेत शिकून परतलेल्या मुलांच्या सामानातून. १८७४ च्या डिसेंबरात मातान्सास शहरातल्या पाल्मार दे हुन्को मैदानावर झालेला सामना तिथल्या इतिहासात प्रसिद्ध आहे. तेव्हा बेटावर स्पेनचे राज्य होते. सत्ताधाऱ्यांची आवड बैलझुंजीची, आणि तरुण पोरे ती सोडून हा परका खेळ खेळू लागली, म्हणून सरकारला त्यांचा संशय. संशय अगदीच खोटा नव्हता. क्युबाच्या पहिल्या बेसबॉल लीगच्या संस्थापकांपैकी एक, एमिलियो साबोरीन, स्वातंत्र्यलढ्यात पकडला गेला. त्याला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या सेउटाच्या तुरुंगात धाडले आणि १८९७ साली तो तिथेच मेला. आपल्याला अंदमान तसे त्यांना सेउटा. सांगायचे इतकेच, की क्युबात बेसबॉल आणि देश या दोन गोष्टी पहिल्यापासून एकमेकींत गुंतलेल्या होत्या.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांची सुरुवात मात्र गमतीशीर आहे. पुढे बेसबॉलचा विश्वचषक म्हणून जी ओळखली गेली ती पहिली स्पर्धा १९३८ साली इंग्लंडमध्ये झाली. संघ दोनच, ब्रिटन आणि अमेरिका. पाच सामन्यांपैकी चार जिंकून ब्रिटन विश्वविजेते ठरले! क्रिकेटच्या देशाने बेसबॉलच्या देशाला हरवले कसे? तर ब्रिटनच्या संघात बहुतेक खेळाडू कॅनडाचे होते. म्हणजे कोण कोणाच्या गणवेशात उतरला आहे, हा प्रश्न या खेळाच्या जागतिक स्पर्धांत पहिल्या दिवसापासून आहे.

पुढच्याच वर्षी स्पर्धा हवानाला गेली, क्युबा जिंकले, आणि तिथून पुढे ती जवळजवळ त्यांच्याच घरची झाली. अपवाद झाले, पण ते अपवाद म्हणूनच लक्षात राहिले. १९४१ साली हवानातच व्हेनेझुएलाच्या दानिएल कानोनिको नावाच्या पिचरने निर्णायक सामन्यात क्युबाला ३-१ असे हरवले, आणि व्हेनेझुएलात बेसबॉल राष्ट्रीय खेळ होऊन बसला. १९३८ ते २०११ या काळात ही स्पर्धा ३९ वेळा झाली आणि त्यांतल्या २५ वेळा चषक क्युबाने नेला.

१९५९ साली क्रांती झाली. फिडेल कॅस्ट्रोच्या सरकारने १९६१ साली व्यावसायिक खेळ बंद केला. पैशासाठी खेळणे म्हणजे गुलामी, आता सगळे हौशी. सरकारी नोकराइतका पगार घ्यायचा आणि आपल्या प्रांतासाठी व देशासाठी खेळायचे. १९६२ च्या जानेवारीत नवी राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. हे सारे नुसते कागदावर राहिले असे समजू नका. १९६१ च्या एप्रिलमध्ये क्युबाचा संघ कोस्टा रिकात विश्वचषक खेळत होता, आणि त्याच दिवसांत अमेरिकेच्या पाठबळावर निर्वासित क्युबनांची फौज 'बे ऑफ पिग्ज' येथे उतरली. तिकडे घरावर हल्ला झालेला, इकडे हे खेळत राहिले आणि एकही सामना न हरता चषक घेऊन परतले. असा संघ लोकांच्या मनात कुठे जाऊन बसला असेल, याची कल्पना करा.

१९९२ साली बेसबॉल ऑलिम्पिकमध्ये पदकाचा खेळ झाला. त्यानंतर २००८ पर्यंतच्या पाचही अंतिम सामन्यांत क्युबा होते. तीनदा सुवर्ण, दोनदा रौप्य. त्या काळचा त्यांचा सर्वांत मोठा खेळाडू ओमार लिनारेस. १९९६ च्या अटलांटाच्या अंतिम सामन्यात त्याने जपानविरुद्ध एकट्याने तीन होम रन मारले आणि क्युबा १३-९ ने जिंकले. अमेरिकेत तो गेला असता तर कोट्यवधी कमावले असते, असे सगळे जाणकार म्हणतात. तो गेला नाही. लिनारेस मोठा की अडकलेला, यावर क्युबन माणसांत अजून वाद होतात. मला विचाराल तर हे दोन्ही एकाच माणसात असू शकते.

पण सगळेच लिनारेस नसतात. १९९१ च्या जुलैत राष्ट्रीय संघातला पिचर रेने अरोचा मायामीच्या विमानतळावर संघाला सोडून बाहेर पडला. राष्ट्रीय संघ सोडून गेलेला तो पहिलाच. दाराला फट पडली. १९९५ साली लिव्हान हर्नांडेझ हा वीस वर्षांचा पिचर मेक्सिकोत संघाच्या मुक्कामातून निघून गेला. त्याचे फळ भोगावे लागले त्याच्या थोरल्या भावाला. ऑर्लँडो हर्नांडेझ, टोपणनाव 'एल दुके' म्हणजे ड्यूक, बार्सिलोना ऑलिम्पिकचा सुवर्णपदक विजेता. हाही जाईल या संशयावरून १९९६ साली त्याच्यावर क्युबात खेळण्याची कायमची बंदी आली, आणि ऑलिम्पिक विजेता हवानाच्या मनोरुग्णालयात नोकरी करू लागला. १९९७ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी तोही लहानशा बोटीतून निघाला.

धाकट्याचे काय झाले? त्याच १९९७ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या 'वर्ल्ड सिरीज'मध्ये लिव्हान मालिकेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. हे नाव जागतिक असले तरी ती स्पर्धा अमेरिकेतल्या क्लबांची आहे, हे जाता जाता सांगतो. सातव्या सामन्याच्या दिवशी त्याच्या आईला क्युबातून येण्याची परवानगी मिळाली आणि ती मैदानात हजर होती. एक मुलगा झगमगाटात, दुसरा बंदी घातलेला. त्या माउलीच्या मनात त्या रात्री काय असेल?

आता जरा कायद्याचे सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. क्युबाचे सरकार खेळाडूला बाहेर व्यावसायिक म्हणून खेळू देत नव्हते, हे झालेच. पण दुसऱ्या बाजूला अमेरिकेची क्युबावर आर्थिक बंदी होती. अमेरिकी क्लबाने क्युबात राहणाऱ्या माणसाशी करार करणे तिथल्या कायद्याला चालत नसे. म्हणजे खेळायचे असेल तर देश सोडणे भागच. दाराला आतून एकाने कडी लावलेली, बाहेरून दुसऱ्याने. त्यात आणखी एक मेख होती. खेळाडू थेट अमेरिकेत उतरला तर त्याला नवख्यांच्या वाटपात, म्हणजे 'ड्राफ्ट'मध्ये जावे लागे, आणि जो क्लब निवडील त्याच्याशीच करार करावा लागे. तेच हैती, मेक्सिको किंवा डोमिनिकन रिपब्लिकमध्ये वास्तव्य दाखवले तर तो मोकळा, कोणाशीही बोली करायला स्वतंत्र. या एका नियमापायी समुद्रावर माणसे पळवणाऱ्या दलालांचा धंदा उभा राहिला. होसे अब्रेउ हा २०१३ साली क्युबातून निघाला. पुढे शिकागोच्या क्लबाने त्याला सहा वर्षांसाठी ६ कोटी ८० लाख डॉलर दिले. २०१७ साली अशाच दलालांवरच्या खटल्यात त्याने मायामीच्या न्यायालयात साक्ष दिली, की हैतीहून येताना विमानातच त्याने खोट्या पासपोर्टचे पहिले पान फाडून बिअरच्या घोटाबरोबर गिळले. इतक्या मोलाचा खेळाडू, आणि त्याला कागद खावा लागला. त्याचा लहान मुलगा क्युबात मागेच राहिला होता. बापलेकांची भेट थेट २०१५ च्या डिसेंबरात झाली, अमेरिकी खेळाडूंचा सदिच्छा दौरा हवानाला गेला तेव्हा.

माझी आणि या खेळाची गाठ पडली ती २००६ च्या मार्चमध्ये. आमच्या कारखान्याने आम्हा तिघांना प्रशिक्षणासाठी सहा आठवडे नागोयाजवळ पाठवले होते. त्याच वर्षी 'वर्ल्ड बेसबॉल क्लासिक' ही नवी स्पर्धा सुरू झाली. तिचे वैशिष्ट्य असे, की प्रथमच अमेरिकी लीगचे नामांकित व्यावसायिक खेळाडू आपापल्या देशांकडून उतरले. आणि 'आपला देश' याचा अर्थही सैल केलेला. नागरिक असलेच पाहिजे असे नाही, आई किंवा वडील त्या देशात जन्मलेले असले तरी चालते. त्यामुळे अमेरिकेत जन्मलेला माइक पियाझा इटलीकडून खेळला. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या अ‍ॅलेक्स रॉड्रिग्जचे आईवडील डोमिनिकन. अमेरिकेकडून खेळू की आईवडिलांच्या देशाकडून, या विचाराने तो इतका घोळत राहिला की वर्तमानपत्रांना तेवढाच विषय पुरला. शेवटी तो अमेरिकेकडून उतरला.

क्युबाला तर अमेरिकी सरकारने आधी प्रवेशच नाकारला होता, बंदीचा भंग होईल म्हणून. बक्षिसाचा आमचा वाटा कॅटरिना वादळातल्या तुमच्याच पूरग्रस्तांना देऊ, असे क्युबाने सुचवले, तेव्हा कुठे परवाना मिळाला. मग या संघाने, ज्यात सगळे घरच्या लीगमधले खेळाडू होते, बड्या बड्या संघांना मागे टाकून अंतिम फेरी गाठली. समोर जपान.

तो दिवस जपानमध्ये २१ मार्च, समरात्रीच्या सुट्टीचा. सकाळी आमच्या वसतिगृहाच्या दिवाणखान्यात साठ-सत्तर माणसे टीव्हीसमोर गोळा झाली होती. आम्हाला समजावून सांगायला आमच्या विभागातले एक वयस्कर सुपरवायझर शेजारी बसले. पहिल्याच इनिंगमध्ये जपानने चार धावा काढल्या. क्युबाच्या पहिल्याच फलंदाजाने, पारेतने, होम रनने उत्तर दिले. आठव्या इनिंगमध्ये सेपेदाने दोन धावांचा होम रन मारून ६-५ पर्यंत आणले, तेव्हा खोलीत कोणी चहाचा पेलाही हलवीना. नवव्यात जपानने आणखी चार धावा घेतल्या आणि १०-६ ने सामना जिंकला. मी आणि माझे दोन सोबती मनातून क्युबाकडे होतो, पण यजमानांच्या घरी बसून ते कसे बोलणार!

सामना संपल्यावर सुपरवायझर जे सांगत बसले ते मला सामन्यापेक्षा जास्त आठवते. नागोयाचा क्लब म्हणजे चुनिची ड्रॅगन्स. क्युबा सरकारच्या परवानगीने २००२ ते २००४ ही तीन वर्षे ओमार लिनारेस याच क्लबात खेळला. तेव्हा त्याची पस्तिशी आलेली. पोट सुटले होते, धावताना दमायचा, पण चेंडू बॅटवर नीट बसला की त्याचा आवाजच वेगळा यायचा, असे ते म्हणाले. जगातला एक मोठा खेळाडू आपल्या गावी आला तो असा उतरत्या वयात, याची त्यांना खंत होती. मग त्यांनी पडद्यावर बोट दाखवले. जपानी खेळाडू आपल्या व्यवस्थापकाला वर उडवून झेलत होते. 'हे ओह-सान. यांच्याजवळ जपानचा पासपोर्ट नाही, ठाऊक आहे का?'

सादाहारू ओह यांच्याबद्दल नंतर मी बरेच वाचले. जन्म टोकियोत, १९४० साली. आई जपानी, वडील चिनी, टोकियोत उपाहारगृह चालवणारे. शाळेच्या संघाचा हा आघाडीचा पिचर, पण १९५७ साली राष्ट्रीय क्रीडा महोत्सवात त्याला उतरू दिले नाही, कारण तो जपानी नागरिक नव्हता. नंतर व्यावसायिक होऊन त्याने १९५९ ते १९८० या काळात ८६८ होम रन मारले. जपानच्या पंतप्रधानांनी १९७७ साली राष्ट्रीय सन्मानाचा एक नवा पुरस्कार सुरू केला, त्याचे पहिले मानकरी ओह. एवढे होऊनही त्यांनी जपानचे नागरिकत्व घेतले नाही, वडिलांकडून आलेले चिनी प्रजासत्ताकाचे, म्हणजे तैवान सरकारचे, नागरिकत्वच ठेवले. ज्या पोराला परका म्हणून बाजूला बसवले त्यानेच जपानला पहिला क्लासिक जिंकून दिला. तोही परका राहूनच.

तिकडे क्युबाच्या त्या उपविजेत्या संघाची पुढे पांगापांग झाली. त्या संघातला तरणाबांड युली गुरिएल हा क्रांतीनंतरच्या बेसबॉलमधल्या नामांकित घराण्याचा मुलगा. वडील बार्सिलोनाच्या सुवर्णपदक संघात होते. हे घराणे तरी जाणार नाही असे लोक म्हणत. २०१६ च्या फेब्रुवारीत डोमिनिकन रिपब्लिकमधल्या स्पर्धेनंतर युली धाकट्या भावासह हॉटेलातून निघून गेला. त्याआधी २००९ च्या जुलैत आरोल्डिस चॅपमन हा अतिवेगवान पिचर रॉटरडॅममध्ये स्पर्धेसाठी गेला असता हॉटेलच्या पुढच्या दारातून बाहेर पडून मोटारीत बसला होता. असे किती सांगावेत! देशाचा संघ परदेशी जाणार म्हटले की कोण परत येणार नाही याचीच चर्चा आधी सुरू होई.

परिणाम मैदानावर दिसलाच. २०११ साली पनामात झालेल्या शेवटच्या विश्वचषकात नेदरलँड्सने क्युबाला अंतिम सामन्यात २-१ ने हरवले. २०१३ च्या क्लासिकमध्येही त्यांनीच क्युबाला घरी पाठवले, ७-६ असे. हा डच संघ हॉलंडचा कमी आणि कुरसाओ, अरुबा या कॅरिबियन समुद्रातल्या डच बेटांचा जास्त. म्हणजे क्युबाच्या शेजारच्याच समुद्रातली ही पोरे. फरक इतकाच, की कुरसाओच्या मुलाला अमेरिकेत कमवायला जाण्यासाठी काही सोडावे लागत नाही. वर्षभर अमेरिकेत खेळावे आणि स्पर्धा आली की आपल्या संघात परत यावे. २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकसाठी तर क्युबा पात्रही ठरले नाही. त्याच टोकियोत अमेरिकेच्या रौप्यपदक संघात एडी अल्वारेझ होता, मायामीत जन्मलेला, क्युबन आईबापांचा मुलगा. २०१४ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये त्याने बर्फावरच्या स्केटिंगमध्येही रौप्य मिळवले होते.

होसे कॉन्ट्रेरासबद्दल सांगितल्याशिवाय मात्र पुढे जाता येत नाही. हा कॅस्ट्रोचा लाडका पिचर. १९९९ साली बाल्टिमोरचा क्लब हवानात खेळायला आला, तेव्हा याने आठ इनिंग टाकून अमेरिकी व्यावसायिकांना एकही धाव दिली नाही. क्युबा तो सामना अकराव्या इनिंगमध्ये हरले, पण गावभर चर्चा कॉन्ट्रेरासची. २००२ साली मेक्सिकोत तो संघ सोडून गेला. बायको आणि मुली मागे. २००४ साली त्या बोटीने अमेरिकेला पोहोचल्या, तोवर दीड-दोन वर्षे घरात फक्त फोनवरचा बाप. २०१३ च्या जानेवारीत क्युबाने देशाबाहेर जाण्या-येण्याचे नियम सैल केले आणि त्याच महिन्यात कॉन्ट्रेरास आजारी आईला भेटायला पिनार देल रिओ प्रांतातल्या आपल्या गावी गेला. सोडून गेलेल्या मोठ्या खेळाडूंपैकी असा उघडपणे परतणारा तो पहिल्यांपैकी एक. दहा वर्षांनी. आपल्याकडे गावाहून तार आली की रात्रीची गाडी पकडून निघणारी माणसे मी पाहिली आहेत. आरक्षण मिळाले नाही याचीच आपल्याला केवढी तक्रार!

मधली काही वर्षे बरी दिसत होती. २०१६ च्या मार्चमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा हवानाच्या मैदानात बसले, आणि टॅम्पा बेच्या क्लबाने क्युबाच्या संघाशी सामना खेळला. पाहुण्या संघाकडून सर्वांत आधी फलंदाजीला आला तो डेरॉन व्हरोना, २०१३ साली बोटीतून क्युबा सोडून गेलेला. सरळ रस्ता तयार करण्यासाठी २०१८ च्या डिसेंबरात अमेरिकी लीग आणि क्युबाचा महासंघ यांच्यात करार झाला. खेळाडूने रीतसर जावे, रीतसर परत यावे, महासंघाला मोबदला मिळावा. चारच महिन्यांत, २०१९ च्या एप्रिलमध्ये, ट्रम्प सरकारने तो मोडीत काढला. पुन्हा दलाल आणि बोटी.

आणि मग २०२३ चा क्लासिक. या वेळी प्रथमच अमेरिकी लीगमध्ये खेळणाऱ्या आपल्या काही खेळाडूंना क्युबाने बोलावले, आणि योआन मोंकादा व लुइस रॉबर्ट यांनी क्युबाचा गणवेश घातला. लोकांनी त्या संघाला 'टीम असेरे' असे नाव ठेवले. असेरे म्हणजे क्युबन बोलीत दोस्त, आपल्या 'गड्या'सारखे. सगळे आले नाहीत. काहींना बोलावले नाही, काहींना त्या सरकारच्या झेंड्याखाली उभे राहायचे नव्हते. तैवानमधल्या गटात सुरुवातीचे दोन्ही सामने हरून हा संघ सावरला, टोकियोत ऑस्ट्रेलियाला ४-३ ने हरवले, आणि उपान्त्य सामना आला तो नेमका मायामीत. तिथले मैदान 'लिटल हवाना' या वस्तीत आहे. क्रांतीनंतर क्युबाचा राष्ट्रीय संघ मायामीत प्रथमच खेळत होता.

१९ मार्च २०२३. बाहेर निदर्शने, आत घोषणा. सामना चालू असताना फलक घेऊन माणसे मैदानात धावली. एकाच कुटुंबातला बाप क्युबाची हुर्यो उडवतो आहे आणि मुलगा तीच टोपी घालून बसला आहे, असे दृश्य त्या रात्री मायामीत काही दुर्मीळ नसावे. अमेरिकेच्या संघात तिसऱ्या बेसवर नोलन अ‍ॅरेनाडो उभा होता, त्याचे वडील क्युबात जन्मलेले. अमेरिकेने १४-२ ने सामना जिंकला.

दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर दुसरा उपान्त्य सामना, जपान विरुद्ध मेक्सिको. मेक्सिकोच्या डाव्या बाजूला रँडी अरोसारेना, जन्माने क्युबन. २०१५ साली बोटीने तो मेक्सिकोच्या किनाऱ्याला लागला. तिथे त्याला आसरा मिळाला, मुलगी तिथेच झाली, आणि मला तुमच्याकडून खेळायचे आहे असे जाहीरपणे मागून त्याने मेक्सिकोचे नागरिकत्व मिळवले. पाचव्या इनिंगमध्ये कुंपणावरून जाणारा ओकामोतोचा होम रन त्याने उडी मारून ओढून घेतला आणि हाताची घडी घालून तसाच उभा राहिला. मेक्सिकन प्रेक्षक वेडे झाले. समोर जपानकडून लार्स नूटबार खेळत होता, कॅलिफोर्नियात वाढलेला, आई जपानी. २००६ साली जपानचा शालेय संघ कॅलिफोर्नियात आला होता, तेव्हा नूटबारच्या घरच्यांनी त्यातल्या मुलांना आपल्या घरी ठेवून घेतले होते. जपानने सामना ६-५ असा शेवटच्या चेंडूवर जिंकला आणि पुढे स्पर्धाही.

क्युबाचा संघ मायामीहून हवानाला परतला तेव्हा विमानात एक माणूस कमी होता. इव्हान प्रिएतो हा तीस जणांच्या संघातला नव्हता. तो बुलपेनचा कॅचर, म्हणजे सामना चालू असताना कुंपणाआड बसून पिचर मंडळींचे हात गरम करून देणारा. स्पर्धेत त्याने एकही चेंडू खेळला नव्हता. विमानतळावर जाणाऱ्या बसमध्ये तो चढलाच नाही.